बारा व्होल्टचा सुपरचार्जर आणि माझे 1,56,750 रुपये

लाज वाटत होती म्हणून इतके महिने गप्प बसलो. मागच्या आठवड्यात होटगी रोडवर एका पोराच्या गाडीचं बॉनेट उघडं दिसलं. आत तोच निळा पंखा, तीच लाल नळी. इंजिनात जास्त हवा दाबून ताकद वाढवतो असं सांगून मलाही विकलेला विजेवरचा "सुपरचार्जर". कितीला बसवला विचारलं, तर म्हणाला अठ्ठेचाळीस हजार. माझ्या वेळी बेचाळीस होता. म्हणजे धंदा जोरात चाललाय. म्हणून लिहितोय. हसायचं त्यांनी हसा.

माझी गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, 1.2 लिटर, घेऊन वीस महिनेही झाले नव्हते. कंपनीची वॉरंटी चालू, वर 13,900 भरून वाढीव वॉरंटी घेतलेली. गाडीत खोट काहीच नव्हती. चौघं बसून एसी लावला की तुळजापूरच्या घाटात दुसऱ्या गिअरवर यावं लागायचं, एवढंच. आणि मेव्हण्याची टर्बो गाडी पुढे निघून जायची. खोटं कशाला बोलू, खरं कारण तेच.

जानेवारी 2025, गड्ड्याची यात्रा भरली होती तेव्हाची गोष्ट. मोबाईलवर एक व्हिडिओ आला, "कुठल्याही पेट्रोल गाडीला सुपरचार्जर, वॉरंटीला धक्का नाही." गाळा आपल्याच सोलापुरात, म्हणून विश्वास बसला. पुण्या-मुंबईचा असता तर गेलोच नसतो. माणूस गोड. पहिल्या मिनिटापासून "मालक, मालक". चहा पाजला, लॅपटॉप उघडून जर्मन गाडीचं इंजिन दाखवलं. "बघा मालक, जर्मनीवाले पण आता विजेवर चालणारा सुपरचार्जर लावतात." हे खरं आहे, आणि तीच तर मेख आहे. ऑडीने 2016 साली एसक्यू 7 मध्ये तसा कॉम्प्रेसर दिला होता. पण तो 48 व्होल्टचा, सात किलोवॅटपर्यंत ताकद घेणारा. हे मी नंतर वाचलं. सगळे आधी वाचतात, मी नंतर.

पैसे असे गेले. किट 42,000. बसवणावळ 4,500. "इंजिन प्रोटेक्शन सर्टिफिकेट" म्हणून होलोग्राम चिकटवलेला एक कागद, त्याचे 3,500. एकूण पन्नास हजार. त्यातले दहा यूपीआयने, चाळीस रोख, कारण "पक्कं बिल हवं तर टॅक्स वेगळा लागेल मालक". मी धंदेवाला माणूस, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचे माग चालवतो, बिलाशिवाय माल उचलणाऱ्या गिऱ्हाईकाला दहा वेळा सुनावतो. आणि स्वतः चाळीस हजार मोजून दिले, वर अर्धा डझन टॉवेल भेट. बिल देत नसेल तर तिथूनच उठा, चहा अर्धा राहिला तरी चालेल.

आता ज्या गोष्टीने मला अजून झोप लागत नाही ती सांगतो.

त्याच्याकडचं पोरगं वायरिंग करत होतं, मी शेजारी उभा. पंख्याची वायर त्याने बॅटरीवर नेली आणि मध्ये फ्यूज टाकला. तीस अँपिअरचा. मी तो डोळ्याने पाहिला, आकडा वाचला. बारा व्होल्ट गुणिले तीस अँपिअर, तीनशे साठ वॅट. एक एचपी म्हणजे 746 वॅट. माझ्या एकेका मागाला एक एचपीची मोटर आहे. मोटर जळली की रिवाइंडिंगवाल्याशी वॅट आणि अँपिअरवर हुज्जत मी घालतो. चाललेल्या गाडीत बॅटरी चौदा व्होल्ट देते असं धरलं तरी अर्ध्या एचपीच्या थोडंसं वर जातं. आणि त्या अर्ध्या एचपीच्या पंख्याने, त्या माणसाच्या म्हणण्याप्रमाणे, माझ्या गाडीला तीस एचपी जास्त मिळणार होते! तिथे उभा राहून मी काय विचारलं? "वायर गरम नाही ना होणार?"

इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवणाऱ्या माझ्या मित्राने नंतर हिशोब करून दाखवला. 1200 सीसीचं इंजिन सहा हजार आरपीएमला मिनिटाला साधारण 3,600 लिटर हवा ओढतं. ती नावापुरती दाबायलासुद्धा दोन-अडीच किलोवॅट लागतात. खरा सुपरचार्जर सहसा क्रँकच्या, म्हणजे इंजिनच्या फिरत्या दांड्याच्या, पट्ट्यावर फिरतो, इंजिनकडूनच ताकद घेतो. त्याला दाबलेली गरम हवा थंड करणारा इंटरकूलर लागतो, पेट्रोल फवारणारे मोठे इंजेक्टर लागतात, ईसीयूचं, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरचं, पेट्रोलचं गणित नव्याने मांडावं लागतं. नाहीतर आपल्याकडच्या साध्या पेट्रोलवर इंजिन ठोकायला लागतं, म्हणजे पेट्रोल आत अवेळी पेटून खडखडतं. हा पंखा तर जोरात गाडी पळवली की हवेच्या वाटेत उलट अडथळाच.

मग फरक जाणवला कसा, असं सगळे विचारतात. माझा मेव्हणा तर दर रविवारी विचारतो. अहो, जाणवला! पंख्यासोबत एक्सलरेटरच्या पेडलला एक डबी जोडली होती. पाय थोडा दाबला तरी ती ईसीयूला सांगते की पूर्ण दाबलाय. ताकद तीच, नुसती आधी मिळते. वर मोबाईलच्या ॲपवर आकडे. आधी 61 एचपी, नंतर 93. पहिल्या फेरीला आम्ही चौघं गाडीत, एसी चालू. दुसऱ्या फेरीला तो एकटा, एसी बंद. ॲपमध्ये गाडीचं वजनही त्यानेच भरलं होतं. विजापूर रोडच्या कडेला उभा राहून मी त्या 93 चा फोटो काढला आणि मेव्हण्याला पाठवला. तो फोटो त्याने जपून ठेवलाय.

वॉरंटीचं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "सर्व्हिसला न्यायच्या आधी इकडे आणा, अर्ध्या तासात काढून देतो. कंपनीच्या बापाला कळणार नाही." ज्या वस्तूने वॉरंटीला धक्का लागत नाही ती लपवायची कशाला? हे वाक्य कुणी तुमच्यासमोर उच्चारलं तर समजून जा. मला त्या दिवशी ते हुशारीचं वाटलं.

11 मे 2025, रविवार. देवीच्या दर्शनाला निघालो, ऊन रणरणत होतं. घाट सुरू झाला आणि बॉनेटखालून खडखड आवाज आला, चेक इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला, गाडी थरथरायला लागली. दिवा लुकलुकला की तिथेच बंद करायची असते. मी अजून दीड किलोमीटर रेटली, कारण पोरं उन्हात उभी करायची नव्हती. टोईंगचे 4,200.

पंख्याच्या ब्रॅकेटचा एक स्क्रू सुटून थ्रॉटलमधून, म्हणजे हवेच्या झडपेतून, इंजिनात गेला होता. तिसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह वाकडा, पिस्टनच्या डोक्यावर खड्डे. शिवाय एअर फिल्टरनंतरची कंपनीची नळी कापून लाल नळी जोडली होती, तिचा जोड सैल. चार महिने न गाळलेली धूळ आत जात होती.

सर्व्हिस सेंटरचा अंदाज 1,41,300, आणि वॉरंटी नामंजूर. इथपर्यंत मी समजू शकतो. पण त्यांनी सिस्टिममध्ये "मॉडिफाइड वाहन" असा शेरा मारला आणि पुढच्या महिन्यात पॉवर विंडोची मोटर गेली, तीही नाकारली. अहो, इंजिनातल्या स्क्रूचा आणि मागच्या दाराच्या काचेचा संबंध काय? तोंडी "नाही सर" यापलीकडे उत्तर नाही. वॉरंटी नाकारली तर कुठल्या कलमाखाली, ते लेखी मागा. मी तीन ईमेल केल्यावर एक ओळ आली, तिच्यात कलमच नव्हतं. कंपनीच्या हेल्पलाइनवर दर वेळी नवी मुलगी, दर वेळी पहिल्यापासून कहाणी, आणि शेवटी "आपल्या जवळच्या सर्व्हिस सेंटरशी संपर्क साधा". त्याच सेंटरच्या दारात उभा राहून फोन करत होतो मी! विमा कंपनीने एका मिनिटात झटकलं: यांत्रिक बिघाड पॉलिसीत बसत नाही.

पोलिसांकडे गेलो. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तावर. दुसऱ्या दिवशी "हा दिवाणी मामला आहे". मी म्हटलं, अहो फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेचं 318 कलम आहे. त्यावर हवालदार हसले. म्हणाले, "साहेब, गाडीत बदल तुम्ही केलाय. मोटार वाहन कायद्याचं 182अ माहिती आहे का? एका बदलाला पाच हजार दंड, नाहीतर सहा महिने आत. घेऊ का लिहून?" कायदा तसा आहेच, नंतर मी वाचला. पण चोर सोडून मलाच वाचून दाखवायचा? यूपीआयचा पुरावा दाखवला तर म्हणे सायबरला जा. सायबरवाले म्हणे पैसे तुम्ही समोरासमोर दिलेत, हे आमच्याकडे येत नाही. चार खेपांनंतर अर्जावर शिक्का मिळाला. अर्जाची पोच घेतल्याशिवाय हलू नका, ती एकच गोष्ट पुढे कामाला येते.

1915 या ग्राहक हेल्पलाइनवरच्या बाईंनी मात्र नीट सांगितलं. जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करा, दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. विकणाऱ्याच्या कार्डावर पत्ता बाहेरगावचा असला तरी आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा चालतो. केलाय. त्याचा नंबर बंद, गाळ्यात आता सीट कव्हरवाला बसतो. होटगी रोडच्या पोराने सांगितलं, हल्ली तो घरी येऊन बसवून देतो.

इंजिन शेवटी बाहेरच्या गॅरेजात दुरुस्त करून घेतलं, 88,650 ला. पन्नास हजार, टोईंग, इंजिन आणि पाण्यात गेलेली वाढीव वॉरंटी धरून वरचा आकडा होतो. पॉवर विंडो त्यात धरलेली नाही, ती काच अजून वर-खाली होत नाही.

काढलेले तुटके सुटे भाग सर्व्हिस सेंटरला ठेवू देऊ नका, फोटो काढून घरी आणा. वकिलांनी सांगितलं म्हणून मी तो पंखा, नळी आणि स्क्रू पिशवीत बांधून कपाटात ठेवलाय, बायकोच्या साड्यांच्या खणात. सोलापुरात लाईट गेली आणि घामाघूम झालो की ती आतून हाक मारते, "अहो, तुमचा पन्नास हजारांचा पंखा काढू का?"