घरी शिकणाऱ्या मुलांची हजेरी: नऊ महिने वही वापरल्यानंतर

एप्रिलमध्ये दोन्ही मुलांचे शाळेतून दाखले काढले. लेक वयाने सहावीची, मुलगा दुसरीचा. आम्ही बेळगावात टिळकवाडीत राहतो, माहेर खानापूरकडे. पहिला दीड महिना मोबाइलवरच्या एका ॲपमध्ये हजेरी लावली. फोन बदलला आणि नोंदी परत आल्याच नाहीत. मग खडेबाजारातून दोनशे पानी, जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर आणलं. जून ते फेब्रुवारी तेच चालू आहे.

आधी एक स्पष्ट सांगते. राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस, घरातली रोजची हजेरी मागत नाही. तिथून दहावीला वयाची 14 वर्षं पूर्ण लागतात, एवढं आम्ही धरून चाललोय. तरी नोंद ठेवायची, कारण उद्या शाळेत परत घालायची वेळ आली तर आपल्या हाती काहीतरी असावं. आणि आपल्यालाही कळावं, नेमकं चाललंय काय.

माप शिक्षण हक्क कायद्यातून घेतलं. शाळांसाठी त्यात पहिली ते पाचवीला वर्षाचे 200 दिवस आणि 800 तास, सहावी ते आठवीला 220 दिवस आणि 1000 तास आहेत. म्हणजे लेकीचे दिवसाला साधारण साडेचार तास. हे बंधन शाळांवर आहे, आपल्यावर नाही, पण हाताशी एक आकडा असला की बरं पडतं.

पहिल्या महिन्यात मी नुसतं ‘ह’ लिहायची. घरातलं पोर हजरच असणार, त्यातून काय कळणार? जुलैपासून रकाने बदलले: तारीख, तास, काय केलं, आणि शेवटी मुलाची स्वतःची सही. मुलगा अजून अक्षर मोठं काढतो, त्याची सही दोन ओळी खाते.

जुलैच्या मध्यावर आम्ही आजोळी रोप लावणीला गेलो. लेक दिवसभर मामीबरोबर चिखलात. तरवा किती बोटं खोल खोचायचा, ओळी किती अंतरावर, पाणी किती राखायचं, सगळं शिकली. याचे तास किती धरायचे? घरात वाद झाला. शेवटी ठरलं की संध्याकाळी तिने स्वतः पाच ओळी लिहिल्या तर तीन तास. तिने अकरा ओळी लिहिल्या. त्या पानाच्या कोपऱ्यावर अजून चिखलाचा अंगठा आहे. तीन तासच लिहिले.

वहीचा खरा उपयोग ऑगस्टअखेरीस झाला. महिन्याची बेरीज केली तर कन्नडला अख्ख्या महिन्यात तीन तास! घरी मराठी बोलणं, पुस्तकं मराठी, त्यामुळे कन्नड मागे पडतंय हे रोजच्या गडबडीत दिसलंच नव्हतं. इथे राहायचं, बस, बँक, तहसील सगळं कन्नडमध्ये, आणि पोरांना पाटी वाचता येऊ नये, हे मला फार लागलं. सप्टेंबरपासून शेजारच्या काकू रोज अर्धा तास घेतात. आता बसवरचं गावाचं नाव लेक मला वाचून दाखवते.

एक चूक मात्र टाळा. गणपतीत आठवडाभर नोंद राहिली आणि मी शनिवारी बसून सगळी एकदम भरली. प्रत्येक दिवस बरोबर पाच तासांचा निघाला. ते पान खोटं आहे, आणि मी तिथे तसं लिहूनही ठेवलंय. तेव्हापासून रात्रीच्या जेवणाआधी वही उघडायची. ताप असेल तर ‘आजारी’, काहीच झालं नसेल तर शून्य.

फेब्रुवारीअखेर लेकीचे 171 दिवस, 742 तास झाले. दिवसाची सरासरी साडेचारच्या थोडी खालीच आहे, पण गणपतीतलं ते एक पान सोडलं तर यातला एकही तास फुगवलेला नाही. अडचण एकच, दोघांचं एकाच रजिस्टरमध्ये आणि धाकट्याची पानं शोधताना वेळ जातो. जूनला दोघांना वेगळी वही घेणार.