फॅक्टचेकवाल्यांवर किती भरवसा ठेवायचा? खान्देशातून एक रिव्ह्यू

सरळ मुद्द्यावर येतो. व्हॉट्सअ‍ॅप फेसबुकवर आलेलं खरं का खोटं ते तपासून सांगणाऱ्या एजन्सी आहेत ना, ऑल्ट न्यूज, बूम, फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज आणि केंद्र सरकारच्या माहिती खात्याची पीआयबी फॅक्ट चेक, या मी बरेच दिवस नेमाने वाचतोय आणि गावच्या ग्रुपवर त्यांच्या लिंका पण टाकतो. माझं मत असं झालंय की एजन्सीचं नाव बघून भरवसा ठेवायचा नाही, शोध कसा लावला ते उघड दाखवलंय का तेवढं बघायचं.

आता केळीचंच घ्या, रावेर-यावलकडच्या लोकांच्या पोटाचा विषय. सोललेल्या केळ्यात मधोमध लाल पट्टा दाखवायचा आणि खाली लिहायचं की यात एचआयव्हीचं रक्त टोचलंय, असा फॉरवर्ड वर्षानुवर्षं फिरतोय. यावर नुसता लाल अक्षरात "खोटं" असा शिक्का मारला तर आमचे आबा ऐकत नाहीत, आणि का ऐकावं त्यांनी? पण लाल रंग बुरशीच्या रोगाने येतो, एचआयव्ही खाण्यातून पसरतच नाही, आणि हा फोटो आधी अमुक वर्षी तमुक देशात असाच फिरला होता, ही त्याची लिंक, असं कोणी नीट मांडलं की तेच आबा पुढच्या दहा जणांना सांगतात. चांगल्या तपासात मूळ व्हिडिओची लिंक असते, तारीख असते, पोस्ट डिलीट झाली तरी बघता यावी म्हणून आर्काइव्ह केलेली कॉपी असते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कोणत्या पोलीस ठाण्याला फोन केला, कोण काय बोललं ते असतं. याउलट काही ठिकाणी "आमच्या तपासात हा दावा खोटा आढळला" आणि पुरावा म्हणून दुसऱ्याच एजन्सीची लिंक, तिथे मी थांबतो.

अर्धं खरं असलेल्या गोष्टीत तर यांची खरी परीक्षा होते. २०२० च्या सुरुवातीला चिकन खाल्ल्याने कोरोना होतो हा मेसेज आला आणि पोल्ट्रीवाले झोपले, फॅक्टचेकवाल्यांनी तो खोटा ठरवला ते बरोबरच. पण नवापूरला २००६ मध्ये बर्ड फ्लू खरंच आला होता, २०२१ मध्ये परत आला, मग लोक म्हणतात तेव्हा खरं होतं तर आता खोटं कसं? कोरोना वेगळा, बर्ड फ्लू वेगळा, आणि बर्ड फ्लूमध्येही नीट शिजवलेल्या चिकनला भीती नाही, हे तिन्ही वेगवेगळं करून सांगणारा लेख मी चांगला मानतो.

पीआयबीचं थोडं वेगळं आहे. ते फक्त केंद्र सरकारशी संबंधित गोष्टी बघतात. फुकट लॅपटॉप, अमुक योजनेत खात्यात पैसे असल्या खोट्या स्कीमसाठी उपयोगी आहे, पटकन उत्तर मिळतं. पण सरकारवरच्या टीकेची तपासणी सरकारनेच करायची हे मला पटत नाही भाऊ. डिसेंबर २०२० मध्ये इंटेलिजन्स ब्युरोच्या भरतीची जाहिरात त्यांनी फेक म्हणून टाकली आणि ती जाहिरात खरी निघाली. धुळे-जळगावच्या अभ्यासिकांमध्ये रात्रंदिवस बसणाऱ्या पोरांसाठी ही चूक किती मोठी आहे विचार करा. सरकारी फॅक्ट चेक युनिटला कायद्याने ताकद देणारा नियमही मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये रद्द केला, मला ते योग्य वाटलं.

बाकीच्यांपैकी बऱ्याच जणांकडे आयएफसीएनचा, म्हणजे इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्कचा, बॅज असतो. ही पॉइंटर नावाच्या अमेरिकन संस्थेची २०१५ पासूनची व्यवस्था, पक्षपात नको, सोर्स, पैसा आणि पद्धत उघड, चुकलं तर जाहीर दुरुस्ती अशा अटी. बॅज चांगला, पण तो प्रत्येक लेखाची गॅरंटी नाही. मी आधी दुरुस्तीचं पान शोधतो, जिथे एकही दुरुस्ती नाही तिथे मला जास्त शंका येते. पैसा कुठून येतो तेही बघा. ऑल्ट न्यूज लोकांच्या देणगीवर चालतं, बऱ्याच जणांना मेटाकडून, म्हणजे फेसबुक-व्हॉट्सअ‍ॅपच्या कंपनीकडून, पोस्ट तपासायचं काम मिळतं, आणि मेटाने जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत हे काम देणं बंद करतो असं जाहीर केलं, म्हणजे एकाच कंपनीवर अवलंबून राहणं किती कच्चं आहे ते दिसलं.

आता सगळ्यात मोठी तक्रार. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यात राईनपाड्याला, बाजाराच्या दिवशी, मुलं पळवणारे समजून पाच जणांना जमावाने मारून टाकलं, मंगळवेढ्याकडचे भिक्षा मागून जगणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्या काळात देशभर फिरणारा बाइकवरून मूल उचलण्याचा व्हिडिओ मूळ कराचीतल्या जनजागृतीच्या फिल्ममधला होता, मूल परत आणून देतात तो शेवट कापलेला, आणि हे तपासणाऱ्यांनी शोधून काढलं होतं. पण ते इंग्रजी-हिंदी वेबसाइटवर, आणि अफवा आमच्या बोलीत, तोंडातोंडी.

आता मराठीत फॅक्ट क्रेसेंडो, न्यूजचेकर, विश्वास न्यूज आहेत, मोठी सोय झाली, तरी बऱ्याच लेखांची मराठी हिंदीवरून ओढून आणल्यासारखी असते आणि लांबलचक. आणि व्हॉइस नोट? एका एजन्सीच्या नंबरवर अहिराणीतली मुलं पळवण्याची क्लिप पाठवली होती, उत्तर आलंच नाही. अशा क्लिपला आम्ही शेवटी जवळच्या पोलीस ठाण्यात विचारतो, तेच खरं फॅक्टचेक ठरतं.

म्हणून देशपातळीवरचा फोटो-व्हिडिओ असेल तर यांच्यापैकी दोघांचं वाचून, पुरावा सारखा आला की मी बिनधास्त शेअर करतो. गावातल्या गोष्टीसाठी अजून नाही. या एजन्सींमधलं कोणी हे वाचत असेल तर एवढंच करा, जळगाव, धुळे, नंदुरबारला एकेक माणूस ठेवा आणि निकाल अर्ध्या मिनिटाच्या ऑडिओत द्या, अहिराणीत दिला तर फारच चांगलं, शेतात असलेला माणूस लिंक उघडत नाही पण आवाज ऐकतो.