‘सिनेमास्कोप लेन्स’ म्हणून मला विकलेली काच

लहान खोलीत, शॉर्ट थ्रो (म्हणजे जवळूनच मोठं चित्र पाडणाऱ्या) प्रोजेक्टरवर घरचं थिएटर करणाऱ्यांसाठी हे लिहितेय. ॲनामॉर्फिक लेन्स, म्हणजे प्रोजेक्टरपुढे लावून चित्र फक्त आडवं पसरवणारी लेन्स, म्हणून मला २८ हजार रुपयांना जी वस्तू विकली गेली, ती ॲनामॉर्फिक नव्हतीच. दुकानात बसून ते कळणार नाही, अशी तिथल्या डेमो रूमची रचनाच होती.

आमचा प्रोजेक्टर भिंतीपासून ६ फुटांवर छताला टांगलाय. थ्रो रेशो ०.८. भिंतीपासूनच्या अंतराला या आकड्याने भागलं की चित्राची रुंदी मिळते. म्हणजे आमच्याकडे साडेसात फूट रुंद आणि सव्वाचार फूट उंच चित्र पडतं. क्रिकेटला, मालिकांना ते छानच. पण २.३९ : १ मापाचा, म्हणजे उंचीच्या २.३९ पट रुंद असा सिनेमास्कोप पिक्चर लावला की वर आणि खाली साडेसहा-साडेसहा इंचांचे काळे पट्टे येतात. आमची भिंत ११ फूट रुंद आहे. उंची तीच ठेवून चित्र नुसतं आडवं पसरलं तर तिथे १० फुटांचा पडदा बसतो, आणि मला तो हवा होता.

दुकानदार म्हणाला, “मॅडम, ही १.३३एक्स आहे, म्हणजे चित्र १.३३ पट आडवं पसरवते. कुठल्याही प्रोजेक्टरपुढे लावा, शॉर्ट थ्रोलासुद्धा चालते.” डेमोची खोली लांबलचक, पडद्याच्या चारी बाजूंना काळं मखमल. त्याने लेन्स पुढे सरकवली आणि पडदा या टोकापासून त्या टोकापर्यंत भरला. पट्टे गायब. कुणालाही पटेल असंच ते दृश्य होतं.

घरी लावल्यावर चित्र १० फूट रुंद झालं खरं, पण पांढऱ्या भिंतीवर वर-खाली करड्या उजेडाचे रुंद पट्टे उमटले. चारी कोपरे काळवंडलेले. सबटायटल मधोमध स्पष्ट दिसायची आणि लांबलचक ओळ आली की तिच्या दोन्ही टोकांची अक्षरं धुरकट व्हायची, कडेला जांभळी-हिरवी झाक. दुकानात फोन केला तर उत्तर आलं, “सेटिंग चुकतंय तुमचं.”

आमच्या ओळखीचे एक काका सिंगल स्क्रीन थिएटरात ऑपरेटर होते. रिळांच्या काळात स्कोपचा पिक्चर आला की ते वेगळी लेन्स चढवायचे. फिल्मवर दाबून छापलेलं चित्र ती दुप्पट आडवं पसरवायची. त्यांनी ही लेन्स डोळ्याला लावली, भिंतीवरच्या गोल घड्याळाकडे बघितलं आणि लेन्स हळूहळू पूर्ण फिरवली. मग माझ्या हातात देत म्हणाले, “अगं, बघ. घड्याळ गोलच राहतंय.”

सगळी मेख तिथेच आहे. खरी ॲनामॉर्फिक लेन्स एकाच दिशेने ताणते. तिच्यातून गोल वस्तू लंबगोल दिसते आणि लेन्स फिरवली की तो लंबगोलही तिच्याबरोबर फिरतो. माझ्या लेन्समधून घड्याळ फक्त लहान दिसत होतं. काकांनी कडेवरचं ‘१.३३एक्स’चं स्टिकर नखाने उचकटलं. खाली कोरलेलं होतं ‘०.७५एक्स वाइड’. व्हिडिओ कॅमेऱ्यापुढे लावायचा साधा वाइड कन्व्हर्टर, म्हणजे सगळं लहान करून चौकटीत जास्त दृश्य बसवणारी काच.

लबाडी कशी बेतली होती ते बघा. १ ला ०.७५ ने भागलं की १.३३ च येतात. ही काच चित्र आडवं १.३३ पट करते, उभंही १.३३ पट करते. साडेसात फुटांचे १० फूट झाले, म्हणून टेप लावून मोजलं तरी माप बरोबर येतं! उंची मात्र साडेपाच फुटांच्या वर जाते आणि काळे पट्टे पडद्याबाहेर पडतात. घरच्या पांढऱ्या भिंतीवर करडे दिसले ते हेच. दुकानात ते मखमलाने गिळले. क्षेत्रफळ पावणेदोन पट झाल्यामुळे उजेड जवळजवळ निम्म्यावर आला आणि प्रोजेक्टरच्या चित्रातल्या १०८० आडव्या ओळींपैकी सुमारे ८०० ओळीच चित्राच्या वाट्याला आल्या, लेन्स नसताना येत होत्या तेवढ्याच.

खऱ्या लेन्ससाठी आधी प्रोजेक्टरच्या मेनूत जाऊन चित्र उभं ताणावं लागतं, म्हणजे पट्ट्यांत वाया जाणाऱ्या ओळीही चित्राला मिळतात. मग लेन्स ते आडवं पसरून सारखं करते. मेनूत काही न बदलता खरी लेन्स पुढे आणली तर माणसांचे चेहरे पसरट दिसलेच पाहिजेत. त्या डेमोत रिमोटला कुणी हातही लावला नव्हता आणि चेहरे अगदी प्रमाणात होते.

आणि खरी लेन्स मिळाली असती तरी आमच्या खोलीत ती चालली नसती. ०.८ थ्रो रेशोला प्रकाश सुमारे ६४ अंशांत फाकतो. रेशो २ असेल तर २८ अंशांत. पुढे लावायच्या ॲनामॉर्फिक लेन्स लांबून येणाऱ्या अरुंद झोतासाठी असतात. एवढा रुंद झोत त्यांच्यात घुसवला की कडा वाकतात, कोपरे कापले जातात. आरशावरून चित्र फेकणाऱ्या अल्ट्रा शॉर्ट थ्रोपुढे तर लेन्स लावायला जागाच नसते. ‘शॉर्ट थ्रोला चालते’ हे वाक्य ऐकलंत की तिथून सरळ उठा.

लेन्स परत न्यायला गेले तर त्याने बिलावरचं ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ दाखवलं. या छापील ओळीला घाबरू नका. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. बिलावर मुदत दिलेली नसेल तर ३० दिवस धरले जातात. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केल्यावर दुकानदार दुसरी वस्तू द्यायला तयार झाला. मी नाही म्हटलं, मला पैसे हवे आहेत. आता तक्रार जिल्हा ग्राहक आयोगात आहे. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क लागत नाही, आणि घटनेपासून २ वर्षांच्या आत दाखल करायची असते.

बिलावर त्याने फक्त ‘लेन्स ॲक्सेसरी’ लिहिलंय. माझी भिस्त आहे ती खरेदीआधीच्या त्याच्या व्हॉट्सॲप मेसेजवर, ‘१.३३एक्स ॲनामॉर्फिक, शॉर्ट थ्रो ओके’. स्टिकर उचकटलेल्या कडेचे फोटो आणि तो मेसेज, दोन्ही तक्रारीला जोडले आहेत.