‘प्रोटोटाइप’ म्हणून विकलेली एकेएमची दोन मॅगझिन

एका विक्रेत्याकडून एकेएम रायफलची (एके-४७ची सुधारलेली सोव्हिएत आवृत्ती) दोन रिकामी मॅगझिन, म्हणजे काडतुसं भरायच्या पेट्या, संग्रहासाठी घेतली. एक ॲल्युमिनियमचं, दुसरं तांबूस-तपकिरी प्लॅस्टिकचं. दोन्हींना ‘प्रोटोटाइप’, म्हणजे चाचणीसाठी बनवलेला नमुना, म्हटलं होतं आणि किंमतही त्याच शब्दाची लावली होती. वस्तू अस्सल सोव्हिएत आहेत, वर्णन मात्र चुकीचं.

ॲल्युमिनियमचं सुंदर आहे. अंगावर वॅफलसारख्या चौकटी, वजन १९० ग्रॅमच्या आसपास. एकेएमचं पोलादी मॅगझिन ३३० ग्रॅम भरतं आणि त्याआधीच्या, सुरुवातीच्या एके रायफलचं सपाट बाजूंचं ४३०. वजन घटवण्यासाठी ॲल्युमिनियम वापरलं, पण ते नाजूक निघालं. थोडीच मॅगझिन सैन्यात वाटली गेली आणि तीही लवकर परत घेतली. म्हणजे माल दुर्मीळ खरा, पण कारखान्यातून रीतसर बाहेर पडलेला. त्याला चाचणीचा नमुना म्हणायला विक्रेत्याकडे एकही कागद नव्हता.

दुसऱ्याचा मला खरा राग आला. ही मॅगझिन ‘बेकेलाइट’ (जुन्या काळचं एक कडक प्लॅस्टिक) म्हणून ओळखली जातात, पण मटेरियल आहे एजी-४एस, म्हणजे काचतंतू घातलेली फिनॉल-फॉर्माल्डिहाइड राळ (रेझिन). दोन अर्धे भाग साच्यातून काढून इपॉक्सीने जोडलेले असतात. विक्रेत्याचं म्हणणं, कारखान्याचा शिक्का नाही म्हणून हे प्रोटोटाइप. इझेव्स्क आणि तुला या रशियन शहरांत हे शस्त्रकारखाने आहेत; इझेव्स्कचा शिक्का म्हणजे त्रिकोणातला बाण, तुला शहराचा तारा. खरंच, वरवर बघता दोन्हींपैकी काही दिसत नाही.

मग टेबललॅम्प आडवा करून दहापट भिंगाने पाहिलं. साच्यातून निघालेल्या अंगावर राळेची गुळगुळीत, चकचकीत साय असते. इथे अंगठ्याच्या नखाएवढ्या जागेत ती गेली होती, आतले काचतंतू उघडे पडले होते, ओरखडे सगळे एकाच दिशेने. आणि कडेला त्रिकोणाचा एक कोपरा अजून शिल्लक! कुणीतरी पॉलिश पेपरने इझेव्स्कचा शिक्का घासून काढला होता. पन्नासेक वर्षांची चांगली वस्तू निव्वळ भाव वाढवायला खराब केली, हे मला सहन होत नाही.

पॅकिंग उत्तम, माल वेळेत आला. भिंगातले फोटो पाठवल्यावर विक्रेत्याने प्लॅस्टिकच्या मॅगझिनचे पैसे परत केले, पण जाहिरातीतला तो शब्द अजून तसाच आहे. त्याच्याकडून घेणार असाल तर शिक्क्याच्या जागेचा, तिरक्या उजेडातला फोटो आधी मागा. ॲल्युमिनियमचं मी ठेवलंय, चिठ्ठीवर ‘एकेएम, वाटपातलं’ असं लिहून.