हरीण टांगायचं कशावर: बल्ली, तिपाई की गाडीचा हॉइस्ट?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात बंदुकीने हरीण मारायचा हंगाम नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंग सणाच्या आधीच्या शनिवारी सुरू होतो आणि नऊ दिवस चालतो. परवाना, काडतुसं, भडक केशरी जाकीट यांची जमवाजमव सगळे महिनाभर आधी करतात. हरीण सोलायला आणि गार व्हायला टांगायची सोय मात्र नर ओढत कॅम्पवर आणल्यावर आठवते. कोथळा काढल्यावरही मोठा नर ७० किलोच्या आसपास भरतो. (भारतात वन्यजीव संरक्षण कायद्याने हरणाच्या शिकारीला बंदी आहे, त्यामुळे हे अमेरिकेत परवाना काढणाऱ्यांपुरतंच.)

कॅम्पची जागा कायमची असेल आणि शिकारी चार-सहा असतील, तर दोन झाडांमध्ये आडवी बल्लीच बांधा. एका वेळी तीन-चार हरणं मावतात, खर्च जवळजवळ नाही. उंची मात्र दहा फूट हवी. मागच्या पायांनी टांगलेला नर सहा-सात फूट लांब होतो, वर फूटभर कप्पी खाते. आमची पहिली बल्ली आठ फुटांवर होती. सोलताना मुंडकं चिखलात लोळत होतं. लाकूड दरवर्षी तपासा. गेल्या वर्षीची बल्ली आतून कुजलेली असू शकते.

झाडं नसलेल्या शेतात तीन उंच पायांची तिपाई चालते. ती एकट्याने उभी करता येते, पण गोठलेल्या जमिनीवर पाय फाकतात. तिन्ही पाय खाली साखळीने एकमेकांना बांधल्याशिवाय वजन चढवू नका. एका वेळी एकच हरीण, हेही लक्षात ठेवा.

शहरातून दोन दिवसांसाठी जाणाऱ्याला ट्रकच्या हिचमध्ये, म्हणजे मागच्या ट्रेलर जोडायच्या खाचेत, बसणारा हॉइस्ट (वजन उचलायचा छोटा क्रेन) सोयीचा. हरीण उचलून, हॉइस्टचा हात फिरवून थेट ट्रकच्या हौद्यात ठेवता येतं, कंबर वाचते. पण हरीण लटकत असेतो ट्रक अडकून पडतो, आणि दूध आणायला कोण जाणार यावर कॅम्पमध्ये भांडण होतं.

माझं मत विचाराल तर टांगायच्या सांगाड्यावर पैसे वाचवा आणि उचलायच्या साधनावर खर्च करा. चारपदरी कप्पीने ७० किलोला साधारण वीस किलोची ओढ लागते, पण हरीण एक फूट वर जायला दोरी चार फूट ओढावी लागते. हँड विंच, म्हणजे दांडा फिरवून दोरी गुंडाळणारं यंत्र, कमी जागेत काम करतो, पण आपोआप लागणारा ब्रेक असलेलाच घ्या. माझ्या हातून एकदा साध्या विंचचा दांडा सुटला, गरगर उलटा फिरला आणि मनगट आठवडाभर सुजलं होतं.

बाकी राहिला गँब्रेल, म्हणजे पाय फाकवून धरणारा आडवा लोखंडी दांडा. आपला खाटीक बोकडाची धोंडशीर आणि हाड यांच्या मधून आकडा घालतो, अगदी तिथेच याची टोकं जातात. चीर देताना शीर कापली गेली की तो पाय गेलाच. मग दोरीने बांधत बसा. सोलायचं असेल तर अंग कोमट असतानाच सोला, गोठलेलं कातडं हट्टी असतं.

आणि पारा ४ अंश सेल्सियसच्या वर राहणार असेल तर टांगलेलं मांस खराब होतं, म्हणून तिन्ही पर्याय बाद. सोलून, तुकडे करून मांस बर्फात घाला. नोव्हेंबरमध्येही असा उबदार शनिवार येतो, म्हणून मोठा कूलर गाडीत असू द्या.