ऐक्य कशावर: फक्त शास्त्र की करार?

नाशिकमध्ये घरगुती मंडळी (घरात जमणारी ख्रिस्ती मंडळी) सुरू करणाऱ्यांपुढे हे दोन मार्ग येतातच.

पहिला, फक्त शास्त्राचा, म्हणजे बायबलचा. धर्मोपदेशक थॉमस कॅम्पबेल यांनी 1809 मध्ये अमेरिकेत मांडलेला. मतांगिकार (मंडळीने ठरवलेले विश्वासाचे लेखी विधान) बाजूला ठेवायचा आणि नव्या करारात दिसते तेच करायचे: विश्वास ठेवणाऱ्याचा पाण्यात बुडवून बाप्तिस्मा (रोम 6:4), आठवड्याच्या पहिल्या दिवशी भाकर मोडणे, म्हणजे प्रभुभोजन (प्रेषित 20:7), प्रत्येक मंडळीत वडील, म्हणजे पुढारी (प्रेषित 14:23). अडते ते शास्त्र गप्प असते तिथे. मौन म्हणजे मनाई की मोकळीक? वाद्ये आणि मिशनरी संस्था यांवरून कॅम्पबेल यांच्याच चळवळीत फूट पडली. 1906 च्या अमेरिकन धार्मिक जनगणनेत दोन गट वेगळे नोंदले गेले. आपल्याकडे हाच प्रश्न भजनाच्या पेटी-तबल्यावर येतो, म्हणून तो आधीच बसून सोडवा.

दुसरा, मंडळ्यांनी आपसांत केलेल्या कराराचा. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा मंडळ्या मिळून चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. त्यांत कॅम्पबेल यांच्याच परंपरेतले डिसायपल्सही होते! इथे बालबाप्तिस्मा आणि प्रौढांचा बाप्तिस्मा दोन्ही चालतात, बिशप असतात. मतभेद मिटत नाहीत, सांभाळले जातात.

आमचा कल पहिल्याकडे आहे, पण इफिस 4:2 मधली नम्रता व सहनशीलता 4:5 मधल्या ‘एकच बाप्तिस्मा’च्या आधी येते. अभ्यास त्याच क्रमाने घ्या.