डमी किती आहेत, ते आधी विचारा

आमच्या कॉलेजात फेब्रुवारीत प्रथमोपचार आणि सीपीआरचा (म्हणजे हृदय बंद पडलेल्याला छातीवर दाब आणि श्वास द्यायचा) दोन दिवसांचा कोर्स झाला. तीच संस्था आता शेजारच्या तालुक्यांतल्या कॉलेजांना पत्रं पाठवते आहे, म्हणून तिथल्या ओळखीच्यांचे मला फोन येताहेत, 'कसा होता?' एकेकाला सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहिते. मी केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये परिचर आहे, मुलं मावशी म्हणतात. कॉलेज तापीच्या अंगाला, नाव लिहीत नाही. प्रथमोपचाराची पेटी माझ्या ताब्यात असते, त्यामुळे प्राचार्यांनी मलाही मुलांबरोबर बसवलं. फी माणशी २५० रुपये, त्यात पुस्तिका, प्रमाणपत्र, चहा आणि दोन्ही दिवसांचं जेवण.

कोर्स घ्यावा का? घ्यावा. पण आम्हाला दिला तसाच्या तसा घेऊ नये.

पहिली सकाळ वाया गेली. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, अध्यक्षांचं मनोगत, मग आभार. एवढं उरकून प्रशिक्षकांच्या हाती माईक आला तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. त्यानंतर भूकंप, त्सुनामी, दरडी अशा स्लाइड. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ''सर, तापीला त्सुनामी हतनूरचे दरवाजे उघडल्यावरच येते.'' हॉल हसला, पण पोरगं बरोबर बोललं. पावसाळ्यात हतनूर धरणातून पाणी सोडलं की नदीकाठच्या गावांना इशारा जातो, दरवर्षीचं आहे ते. बुडालेल्या माणसाचं काय करायचं हे त्सुनामीच्या जागी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. ते दुसऱ्या दिवशी एका मुलीनं विचारलं म्हणून सांगितलं गेलं: पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नका, श्वास नसेल तर आधी तोंडानं श्वास द्या, मग छातीवर दाब. आमच्याकडे तर अजून माणसाला उलटं धरून गरगर फिरवतात.

दुपारपासून मात्र कोर्सनं रंग धरला. शिकवणारे दोघं. एक आर्मी मेडिकल कोरमधून निवृत्त झालेले, त्यांना सगळे सुभेदारसाहेब म्हणत. दुसऱ्या एका खाजगी दवाखान्यातल्या सिस्टर. सुभेदारसाहेबांनी प्रोजेक्टर बंद करायला लावला, खुर्च्या भिंतीला सरकवल्या आणि डमी, म्हणजे सरावाच्या माणसाएवढ्या बाहुल्या, जमिनीवर मांडल्या. आधी आजूबाजूला धोका नाही ना ते पाहायचं. मग दोन्ही खांद्यांवर थाप मारून जोरात हाक. उत्तर नाही आलं तर श्वास बघायचा, त्यात दहा सेकंदांपेक्षा जास्त वेळ घालवायचा नाही. घशातून मधूनच आचका येत असेल तर त्याला श्वास समजायचं नाही, हे त्यांनी इतक्यांदा घोकून घेतलं की आता झोपेतही आठवेल. १०८ लावून फोन स्पीकरवर ठेवायचा आणि हात छातीवर. छातीच्या मधल्या हाडाचा खालचा अर्धा भाग, कोपरं ताठ, खांदे बरोबर हातांच्या वर. मोठ्या माणसाला ५ ते ६ सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० दाब, आणि प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. वर येऊ दिली नाही तर हृदयात रक्त भरणार कधी?

एक गोष्ट त्यांनी खास आपल्याकडची सांगितली. उन्हाळ्यात माणूस अंगणात बाजेवर झोपलेला असतो. बाजेवर दाब देऊन उपयोग नाही, दोरीच खाली जाते. आधी त्याला जमिनीवर घ्या. हे मी कुठल्या पुस्तिकेत वाचलेलं नाही, आम्हाला मिळालेल्या पुस्तिकेतही नाही.

मोजण्याचीही गंमत झाली. तीस दाब, दोन श्वास, असा क्रम. मुलं एक ते तीस मोजायला लागली की विशीनंतर लय बिघडायची. 'एकवीस, बावीस, तेवीस' म्हणेपर्यंत हात मागे पडतो. सिस्टरांनी सांगितलं, एक ते दहा तीनदा मोजा. मोबाइलवर मेट्रोनोम, म्हणजे ठेका देणारं ॲप, मिनिटाला ११० वर लावून दिला आणि पंधरा मिनिटांत पोरांचे हात जमले. अंगानं किरकोळ असलेली एक मुलगी शिंदखेड्याकडची, डमीवर जोर लावून लावून थकली आणि ओरडली, ''मावशी, हाई ते दबाईच नई राहिनं!'' सुभेदारसाहेबांनी तिचे गुडघे डमीच्या अगदी जवळ सरकवले, कोपरं सरळ केली, म्हणाले, हातानं नाही, कमरेपासून पुढे झुक. दुसऱ्याच दाबाला डमी टक् वाजली. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

तो टक् आवाज म्हणजे या कोर्सचा जीव. पुरेसं खोल गेलं तरच डमी वाजते. आणि माझी मुख्य तक्रार इथेच आहे. मुलं अडुसष्ट, डमी तीन, त्यातही वाजणाऱ्या दोनच. तिसरीतली स्प्रिंग गेलेली, ती उशीसारखी दबायची. एकेकाच्या वाट्याला जेमतेम दोन मिनिटं आली. खरं तर दोन मिनिटं सलग दाब दिल्यावर माणूस थकतो आणि म्हणूनच दर दोन मिनिटांनी दाब देणारा माणूस बदलायचा असतो. म्हणजे दमल्यावर आपला दाब कसा उथळ होतो ते कळायच्या आतच मुलं रांगेबाहेर. सकाळच्या भाषणांचा वेळ इथे असता तर!

डमी मुळात कुठून आली ते सिस्टरांनी चहाच्या वेळी सांगितलं. नॉर्वेतल्या आस्मुंड लेर्डाल या खेळणी बनवणाऱ्यानं १९६० मध्ये ती तयार केली. पॅरिसमधल्या एका अनोळखी तरुणीचा म्हणून जो मुखवटा प्रसिद्ध होता, तसा चेहरा तिला दिला. आमच्या डमीला मात्र तोंडाच्या जागी नुसतं रबर. पोरांनी तिचं नाव पम्या ठेवलं.

मुलींच्या मनातला प्रश्न मीच विचारला, कारण त्या विचारणार नव्हत्या. अनोळखी पुरुषाच्या तोंडाला तोंड लावायचं? आणि बाई कोसळली असेल तर पोरांनी हात लावायचा? सुभेदारसाहेब न लाजता, न हसता बोलले. श्वास देणं जमत नसेल, नको असेल, तर नुसते दाब द्या, थांबू नका. इंडियन रिससिटेशन कौन्सिलनं सामान्य माणसासाठी नुसत्या दाबाचीच पद्धत सांगितली आहे. बुडालेला माणूस किंवा लहान मूल असेल तर श्वासाचं महत्त्व जास्त. आणि बाई असली तरी हात तिथेच ठेवायचे, छातीच्या मधोमध. भोवती जमलेल्या बायांना पदराचा आडोसा धरायला सांगा, पण दाब थांबवू नका. या एका उत्तरासाठी माझे २५० वसूल.

एईडी म्हणजे हृदयाला शॉक देणारं मशिन, त्याचं सरावाचं यंत्र त्यांनी आणलं होतं. ते बोलून सूचना देतं, अवघड काही नाही. पण आपल्या गावात ते आहे कुठे, असं एकानं विचारलं तेव्हा प्राचार्यांसकट सगळे एकमेकांकडे बघत राहिले. मी तरी आमच्या एसटी स्टँडवर पाहिलेलं नाही.

दुसऱ्या दिवशीचं सापाचं सत्र सगळ्यात चांगलं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे चार, आपल्याकडे सरकारी दवाखान्यात मिळणारं प्रतिविष या चारांसाठीच असतं. आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. चावलेला हात किंवा पाय मोडल्यावर फळी बांधतात तसा स्थिर ठेवायचा, माणसाला चालवायचं नाही, साप पकडायच्या मागे लागायचं नाही. मण्यारबद्दल त्यांनी वेळ घेऊन सांगितलं: रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या जड होतात, आणि घरचे ओवा देत बसतात. सातपुड्यातला एक पावरा मुलगा उठून म्हणाला, आमच्याकडे पहिल्यांदा भगताकडे नेतात. मला वाटलं, आता अंधश्रद्धेवर भाषण होणार. सुभेदारसाहेब म्हणाले, ''भगताला गाडीत बरोबर घ्या. मंत्र गाडीतही म्हणता येतो, पण गाडी दवाखान्याकडेच चालली पाहिजे.'' तो मुलगा हसला आणि त्यानं ते वहीत लिहून घेतलं.

फवारणीच्या विषबाधेला दहाच मिनिटं दिली, हे मला पटलेलं नाही. कापूस आणि केळीच्या पट्ट्यात राहतो आपण. इथल्या पोरांच्या घरी औषधाचा डबा धान्याच्या कोठीशेजारी असतो. जे सांगितलं ते बरोबर होतं: मिठाचं पाणी पाजून उलटी करवायची नाही, कपडे काढून अंग साबण-पाण्यानं धुवायचं, मदत करणाऱ्यानं हातमोजे घालायचे, डबा लेबलसकट डॉक्टरांना दाखवायचा. पण लेबलवरच्या त्रिकोणांबद्दल एक शब्द नाही. लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा आणि शेवटी हिरवा, हे सांगायला कितीसा वेळ लागतो? लाळ गळणं, घाम, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं ही लक्षणंही भराभर वाचून काढली.

उष्माघाताची तर आणखी कमाल. 'पुस्तिकेत आहे, वाचून घ्या.' जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो आणि इथल्या कोर्समध्ये उष्माघात घरी वाचायचा! वाचलं मी. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी टाकून वारा घाला, मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी ठेवा, बडबडत किंवा बेशुद्ध असेल तर तोंडात पाण्याचा थेंबही नको, १०८ बोलवा. लिहिलंय चांगलं. पण ओली चादर आणि पंखा घेऊन एकदा करून दाखवलं असतं तर पोरांच्या हाती बसलं असतं.

विजेच्या धक्क्याच्या वेळी विहिरीवरच्या मोटरीचा विषय मुलांनीच काढला. रात्रीची लाइट, ओली जमीन, आणि स्टार्टरला बसवलेला ऑटो. लाइट गेली म्हणून हात घालावा तर ती आली की मोटर आपोआप सुरू होते. साहेबांना ऑटोची माहिती नव्हती, पण त्यांनी ऐकून घेतलं आणि मेन स्विच पाडल्याशिवाय माणसाला हात लावायचा नाही, हे पुन्हा ठासून सांगितलं.

लॅबपुरतं सांगायचं तर अ‍ॅसिड सांडल्यावर सोडा टाकायचा मोह केमिस्ट्रीच्या पोरांना हमखास होतो. सिस्टरांनी तो मोडून काढला: फक्त वाहतं पाणी, भरपूर वेळ. भाजल्यावरही तेच, वीस मिनिटं पाणी. हळद, टूथपेस्ट, शाई काही नाही. डोळ्यांत उडालं तर नळाखाली. आमच्या लॅबमधल्या नळांना दुपारी पाणी नसतं, ते मी प्राचार्यांना तिथल्या तिथे ऐकवलं. आता टाकीचं काम मंजूर झालंय म्हणतात.

अपघातातल्या माणसाला उचललं तर पोलीस मागे लागतील का, यावर हायवेकाठच्या मुलांनी बराच वेळ घेतला, आणि तो द्यायलाच हवा होता. सर्वोच्च न्यायालयानं २०१६ मध्ये मदत करणाऱ्याच्या संरक्षणाच्या सूचना बंधनकारक केल्या आणि २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. स्वतःचं नाव सांगायची सक्ती नाही, चांगल्या हेतूनं केलेल्या मदतीत काही चुकलं तरी मदत करणाऱ्यावर खटला नाही. हा भाग पुस्तिकेत मराठीत नीट छापलाय, त्याचं एक पान मी नोटीस बोर्डावर लावलं.

शेवटी ९०० रुपयांची पेटी विकायला काढली. घेऊ नका. निम्मी भरलेली चिकटपट्ट्यांनी. हातमोजे, गॉज, क्रेप बँडेज, रोलर पट्ट्या, कात्री मेडिकलवर सुट्या घ्या, बरंच स्वस्त पडतं. त्रिकोणी पट्टीचं काम शेतकऱ्याच्या खांद्यावरचं उपरणं करतं, हे साहेबांनीच झोळी बांधून दाखवलं होतं.

परीक्षा नावाला. वीस प्रश्न, पर्याय निवडा, आणि प्रमाणपत्रं आधीच छापून गठ्ठ्यात बांधलेली. त्यांवर मुदतही नाही, जणू हे कौशल्य आयुष्यभर हातात राहणार आहे. सराव नसेल तर काही महिन्यांत हात विसरतो, हे सुभेदारसाहेबांनी स्वतः सांगितलेलं.

तुमच्या कॉलेजला पत्र आलं असेल तर फोनवर या गोष्टी ठरवून घ्या. दहा-बारा मुलांमागे एक वाजणारी डमी. उद्घाटन नको, हवंच असेल तर समारोपाला करा. फवारणी आणि उष्माघात प्रात्यक्षिकासह. सुभेदारसाहेब आणि त्या सिस्टरच येणार का, हेही विचारा, कारण संस्थेकडे आणखी प्रशिक्षक आहेत आणि त्यांचं मला माहीत नाही. तारीख एप्रिलच्या आतली घ्या, परीक्षा आणि ऊन दोन्ही टळतं. आणि जेवण हलकं सांगा. आम्हाला दुसऱ्या दिवशी लालभडक तर्रीची शेवभाजी होती आणि त्यानंतर लगेच कुशीवर वळवण्याचा सराव. बेशुद्ध व्हायला एकही पोरगं तयार होईना.